पराजय आणि अनुपस्थिती : जपानी सुमोतील कनिष्ठ मल्लांची नोंद

१

जपानमधील सुमो या मल्लविद्येचा इतिहास बहुधा योकोझुनांचा, म्हणजे सर्वोच्च पदास पोहोचलेल्या मल्लांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. हे स्वाभाविक असले तरी पुरेसे नाही. प्रत्येक स्पर्धेपूर्वी प्रसिद्ध होणाऱ्या श्रेणीपत्रकावर, ज्याला जपानी भाषेत बान्झुके म्हणतात, अलीकडच्या वर्षांत सुमारे सहाशे मल्लांची नावे असतात. त्यांपैकी माकुउची आणि जूऱ्यो या वरच्या दोन वर्गांतील ७० मल्लांनाच नियमित मासिक वेतन मिळते. हे ७० जण सेकितोरी होत. उरलेले पाचशेहून अधिक मल्ल माकुशिता, सान्दान्मे, जोनिदान आणि जोनोकुची या चार कनिष्ठ वर्गांत विभागलेले असतात, आणि त्यांतील पुष्कळांचे आयुष्य त्या वर्गांतच सरते.

या कनिष्ठ मल्लांतही एक लहानसा गट असा आहे की, ज्याच्या चिकाटीचे कोडे पाहणाऱ्यास पडते. सप्टेंबर २०१५ मध्ये आखाड्यात उतरलेल्या हात्तोरीझाकुरा या मल्लाची २०२१ मध्ये निवृत्त होईपर्यंतची नोंद तीन जय, २३८ पराजय आणि एक अनुपस्थिती अशी आहे. ओळीने ८९ कुस्त्या हरल्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये त्याने एक कुस्ती जिंकली. त्यानंतर जुलै २०२१ पर्यंतच्या १०४ कुस्त्यांत त्याला एकदाही जय मिळाला नाही. हा मनुष्य सहा वर्षे आखाड्यात का टिकला, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो, आणि त्याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधले जाते. प्रस्तुत लेखात तो प्रश्न थोडा निराळ्या रीतीने मांडावयाचा आहे. ज्या संस्थेत असा मल्ल सहा वर्षे राहू शकतो, ती संस्था पराजयाची नोंद कोणत्या प्रकारे करते, हे आधी पाहिले पाहिजे.

२

बान्झुकेची परंपरा जुनी आहे. एदो नगरीत, म्हणजे आजच्या तोक्योत, एका उभ्या कागदावर छापलेले श्रेणीपत्रक १७५७ पासून आढळते. त्याच्या मध्यभागी 'परवानगी लाभली आहे' अशा अर्थाची अक्षरे ठळकपणे लिहिलेली असतात. धर्मकार्यार्थ निधी जमविण्याच्या निमित्ताने भरणाऱ्या कुस्त्यांना शासनाची अनुज्ञा आवश्यक होती, त्या काळाची ही खूण आजतागायत टिकून आहे. पत्रकाची मूळ प्रत आजही ग्योजी, म्हणजे पंच, कुंचल्याने लिहितात. वरच्या ओळीतील अक्षरे मोठी आणि ठसठशीत असतात. ओळ खाली जाईल तशी ती बारीक होत जातात. तळच्या ओळीतील नावे इतकी सूक्ष्म असतात की, जोनोकुची वर्गातील मल्लांना 'मुशीमेगाने', म्हणजे भिंग, असेच टोपणनाव पडले आहे.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटेल. वर्गांची नावे मुळात कागदावरील जागांची नावे आहेत. सान्दान्मे म्हणजे तिसरी ओळ. माकुशितालाही पूर्वी 'दुसरी ओळ' असेच म्हणत. जोनोकुची या शब्दाचा अर्थ आरंभाचे मुख, म्हणजे केवळ सुरुवात, असा होतो आणि नित्याच्या जपानी बोलण्यातही तो त्याच अर्थाने येतो. अशा रीतीने कागदावरील स्थानाचे नाव माणसाच्या दर्जाचे नाव झाले, आणि तो दर्जा पुढे त्याच्या अंगावरही उतरला. तळच्या दोन वर्गांतील मल्लाने हिवाळ्यातही सुती युकाता आणि लाकडी खडावा वापराव्यात, रेशमी रंगीत मावाशी केवळ सेकितोरींनी नेसावी, कनिष्ठांनी काळ्या सुती मावाशीवर समाधान मानावे, असे दंडक आजही पाळले जातात.

कनिष्ठ मल्लाचे अधिकृत नाव मात्र यांहून वेगळे आहे. माकुशिता व त्याखालील सर्वांना संघटनेच्या परिभाषेत 'रिकिशी योसेइइन', म्हणजे शिकाऊ मल्ल, म्हणतात. मार्च १९८६ मध्ये पदार्पण केलेला हानाकाझे जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, निवृत्त झाला. सान्दान्मेच्या वर तो कधीही चढला नाही. म्हणजे सुमारे ३६ वर्षे तो अधिकृत परिभाषेनुसार शिकाऊच होता! लोकभाषेतील 'फुंदोशी-कात्सुगी', म्हणजे दुसऱ्याचा लंगोट वाहणारा, हा शब्द अधिक कठोर असला, तरी वस्तुस्थितीला तोच अधिक जवळचा म्हणावा लागेल.

३

आता जय-पराजयाच्या गणिताकडे वळू. १९५८ पासून वर्षाला सहा मुख्य स्पर्धा होतात. सेकितोरी प्रत्येक स्पर्धेत पंधरा कुस्त्या खेळतो, कनिष्ठ मल्ल सात. सातांपैकी चार जिंकल्या तर त्या फलिताला कचिकोशी म्हणतात. चार हरल्या तर माकेकोशी. 'कोशी' हे रूप ओलांडणे या अर्थाच्या क्रियापदापासून आले आहे. जयांनी पराजयांना ओलांडले की श्रेणी वर जाते, पराजयांनी जयांना ओलांडले की ती खाली येते. कुस्त्यांची संख्या विषम असल्यामुळे सर्व कुस्त्या खेळणाऱ्या मल्लाला बरोबरीचा मध्यममार्ग उपलब्ध नाही.

प्रत्येक कुस्तीतून एक जय आणि एक पराजय निर्माण होतो, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचा परिणाम ध्यानात येत नाही. कोणाची तरी कचिकोशी व्हावयाची तर कोणाची तरी माकेकोशी झालीच पाहिजे. दर स्पर्धेत आखाड्यातील सुमारे निम्मे मल्ल पराजयाची बाजू भरतात. शिवाय श्रेणी फलितानुसार बदलत असल्यामुळे, वर चढलेल्याला अधिक बलवान आणि खाली आलेल्याला अधिक दुर्बल प्रतिस्पर्धी मिळतात. कनिष्ठ वर्गांत तर ज्यांचे त्या स्पर्धेतील जय-पराजय सारखे असतील, त्यांचीच शक्यतो जोडी लावतात. यामुळे दीर्घकाळ टिकणारा मल्ल अखेर अशा जागी स्थिरावतो की, जेथे त्याचे जय आणि पराजय जवळजवळ समान होतात. बान्झुके हे अशा अर्थाने समतोल साधणारे यंत्र आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

हे यंत्र एकाच ठिकाणी निकामी ठरते, ते म्हणजे तळाशी. जोनोकुचीच्या खाली दुसरा वर्ग नाही. तेथे हरणाऱ्याला अधिक दुर्बल प्रतिस्पर्ध्याकडे नेणारी वाट उरत नाही. २३८ पराजयांची नोंद म्हणूनच केवळ एका व्यक्तीच्या दुर्बलतेचे माप नव्हे. श्रेणीला तळ असतो, याची ती खूण आहे. तरीही एक विस्मय उरतोच. स्पर्धेच्या शेवटी सहा कुस्त्या हरलेल्याची गाठ बहुधा तशाच मल्लाशी पडते, आणि त्या कुस्तीत दोघांपैकी एकाला जिंकावेच लागते. तेथेही जो पुनःपुन्हा हरतो, त्याच्यामुळे दुसऱ्या कोणाच्या तरी नावापुढे स्पर्धेतील एकमेव जय लागतो.

४

येथवर गणित झाले. परंतु गणिताने मल्ल टिकू का शकतो हे कळते, टिकतो का हे कळत नाही. त्यासाठी नोंदीच्या पद्धतीतील एक भेद पाहिला पाहिजे. फलितांच्या तक्त्यात जय पांढऱ्या वर्तुळाने आणि पराजय काळ्या वर्तुळाने दाखवितात. अनुपस्थितीसाठी मात्र विश्रांती या अर्थाच्या शब्दाचे आद्याक्षर लिहितात. वरच्या वर्गांत या भेदाला फारसे महत्त्व नसते, कारण श्रेणी ठरविताना गैरहजेरीची गणना प्रायः पराजयासारखीच होते. तळाशी मात्र हाच भेद निर्णायक ठरतो. सातही कुस्त्या हरलेल्या जोनोकुची मल्लाचे नाव पुढील बान्झुकेवर राहते. जो संपूर्ण स्पर्धेत एकदाही आखाड्यात उतरत नाही, त्याचे नाव तळातून निसटून पत्रकाबाहेर जाते, आणि परत यावयाचे तर त्याला माएझुमो या नवागतांच्या कुस्तीपासून पुन्हा आरंभ करावा लागतो. सारांश, बान्झुकेवरून नाव पुसले जाते ते अनुपस्थितीने, पराजयाने नव्हे.

मल्लांना हा नियम चांगला ठाऊक असतो. जूऱ्योपर्यंत पोहोचलेला रयूदेन मांडीच्या सांध्याच्या दुखापतीमुळे जोनोकुचीपर्यंत घसरला, तेव्हा काही स्पर्धांत तो केवळ एकेका कुस्तीपुरता उतरला आणि आपले नाव पत्रकावर राखून राहिला. पुढे २०१८ मध्ये तो माकुउचीत पोहोचला. तेरुनोफुजी तर ओझेकी या द्वितीय श्रेष्ठ पदावरून जोनिदानपर्यंत खाली येऊन २०२१ मध्ये योकोझुना झाला. तळाची शिडी परतीच्या वाटेवरही लागते, हे यावरून दिसते. ज्यांना कोठेही परतावयाचे नसते, अशांनाही तीच शिडी आधार देते.

पराजयाला असलेली ही मुभा खोट्या पराजयाला मात्र नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये हात्तोरीझाकुरा धडकेच्या भीतीने प्रतिस्पर्ध्याचा नीट स्पर्श होण्यापूर्वीच पुनःपुन्हा खाली पडला. ती कुस्ती वारंवार नव्याने सुरू करविण्यात आली आणि नंतर त्याला समजही देण्यात आली. याउलट ठरवून केलेल्या कुस्त्यांचे जे मोठे प्रकरण २०११ मध्ये उघडकीस आले, आणि ज्यापायी त्या वर्षीची मार्चची स्पर्धा रद्द करावी लागली, ते मुख्यतः जूऱ्योच्या परिसरातले, म्हणजे वेतनाच्या सीमारेषेवरचे होते. डगन आणि लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही संशयाचा रोख, पंधरापैकी सात जिंकून अखेरच्या दिवशी आठव्या जयाची निकड असलेल्या सेकितोरींवरच होता. जेथे एका पराजयाची किंमत फार मोठी, तेथे जय विकत घेण्याचा मोह होतो. तळाच्या मल्लाच्या हारण्याला बाजारात मोल नाही, आणि म्हणूनच ते बहुधा निर्भेळ असते.

५

तथापि या व्यवस्थेचे चित्र केवळ उदार रंगांत रंगविणे योग्य होणार नाही. हेयाला, म्हणजे मल्ल जेथे राहतात व शिकतात त्या तालमीला, कनिष्ठ मल्लाची गरज असते. तो पहाटे सर्वांआधी उठतो, सराव करतो, चान्को शिजवितो, वरिष्ठांना वाढतो आणि मग स्वतः जेवतो. सेकितोरींची उठबस करणारा त्सुकेबितो हाच असतो. प्रत्येक कनिष्ठ मल्लामागे हेयाला संघटनेकडून प्रशिक्षणासाठी अनुदानही मिळते. त्या बदल्यात मल्लाला निवास आणि भोजन मिळते, पण मासिक वेतन नाही. २०१९ च्या वाढीनंतर जूऱ्यो मल्लाचे मासिक वेतन अकरा लक्ष येन झाले. जोनोकुची मल्लाला दर स्पर्धेमागे, म्हणजे दोन महिन्यांनी एकदा, ७७ हजार येन भत्ता ठरला. निवृत्तीनंतर संघटनेत वडीलधारी म्हणून पद मिळण्याची वाटही कनिष्ठांना जवळजवळ बंदच असते.

उपस्थितीच्या नियमाची दुसरी बाजूही २०२१ मध्ये दिसून आली. त्या वर्षीच्या जानेवारीत जोनिदान वर्गातील एका तरुण मल्लाने करोनाच्या संसर्गाच्या भीतीने स्पर्धेतून अनुपस्थित राहण्याची अनुज्ञा मागितली. ती न मिळाल्यामुळे त्याने निवृत्ती पत्करली. मार्चमध्ये सान्दान्मेचा एक मल्ल कुस्तीत डोक्यावर पडून जखमी झाला आणि एप्रिलमध्ये रुग्णालयात वारला. हजर राहणाऱ्याला स्थान देणारा नियम हजर राहण्याची किंमतही वसूल करतो, हे विसरता येणार नाही.

मग दीर्घकाळ राहणाऱ्यांना तेथे काय मिळते? एका मल्लाचे उदाहरण येथे पुरेसे आहे. इचिनोया हा र्‍युक्यू विद्यापीठाचा पदवीधर. त्याने १९८३ मध्ये पदार्पण केले आणि २००७ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, निवृत्ती घेतली. त्यालाही सान्दान्मे ओलांडता आले नाही. निवृत्तीनंतर तो ताकासागो या आपल्याच हेयाचा व्यवस्थापक झाला. हेयातील दिनक्रम, रीती आणि शब्द नव्या मुलांना शिकविणारा माणूस पुष्कळदा असा जुना कनिष्ठ मल्लच असतो. स्पर्धेच्या दिवसाअखेर धनुष्य फिरविण्याचा विधी, दौऱ्यांतील विनोदी कुस्ती, सुमोगीते हीदेखील प्रायः कनिष्ठांचीच क्षेत्रे. परंपरेचे जे अंग जय-पराजयाच्या तक्त्यात मावत नाही, ते त्यांच्या हाती असते.

६

शेवटी एका शब्दाचा उल्लेख करून हे विवेचन आटोपतो. आखाडा सोडणाऱ्या मल्लासाठी पूर्वी दोन शब्द होते. जो निवृत्तीनंतर संघटनेत वडीलधारी म्हणून राही, तो 'इन्ताइ', म्हणजे निवृत्ती, घेई; ज्याचा संघटनेशी संबंध तुटे, त्याच्या बाबतीत 'हाइग्यो', म्हणजे धंदा बंद करणे, हा शब्द योजीत. १९९६ मध्ये हा भेद रद्द करण्यात आला आणि सर्वांसाठी निवृत्ती हा एकच शब्द राहिला. वेतन, वस्त्र, केशरचना यांतील अंतर तसेच राहिले. निघून जाण्याचे नाव तेवढे समान झाले. हा बदल लहान म्हणता येईल, पण ज्याने आयुष्याची वीस-तीस वर्षे बान्झुकेच्या खालच्या ओळींत काढली, त्याच्या दृष्टीने तो लहान नसावा.

आपल्याकडील कुस्तीच्या पारंपरिक फडात जोड लागते, निकाल होतो, बक्षीस जिंकणाऱ्याला मिळते. हरणाऱ्याचे नाव पिढ्यानुपिढ्या जपणारे पत्रक तेथे निघत नाही. बान्झुकेमुळे जपानी सुमोच्या इतिहासकाराला हे दुर्मीळ साधन उपलब्ध झाले आहे. त्यात विजेत्यांची नावे मोठ्या अक्षरांत असली, तरी पराजितांचीही नावे आहेत, आणि तीही क्रमाने, स्थानासह. कारकिर्दीच्या अखेरच्या काळात हात्तोरीझाकुराने शोनान्झाकुरा हे नाव धारण केले. शोनान हे त्याच्या मूळ प्रदेशाचे नाव. परंतु ते लिहिताना पहिल्या अक्षराच्या जागी त्याच उच्चाराचे, 'विजय' या अर्थाचे अक्षर योजले होते. त्या नावाने त्याला एकही जय मिळाला नाही. मात्र ते नाव बान्झुकेवर लिहिले गेले आहे, आणि भिंग घेऊन बसणाऱ्या वाचकाला ते तेथे सापडेल.