दाराची कडी

मागच्या दिवाळीत धाकटा नातू पुण्याहून आला होता. त्याने मोबाइलवर एक परदेशी सिनेमा पाहिला होता. दुसऱ्या महायुद्धातला फ्रान्स, जर्मन फौजेच्या ताब्यातलं शहर, आणि सायकलवरून निरोप पोचवणारी, रात्री रूळ उखडणारी तरुण पोरं. सिनेमा संपल्यावर त्याने विचारलं, "आजोबा, आपल्या जळकोटला असं काही झालंय का हो?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पण हा प्रश्न कुठल्या विद्यार्थ्याने मला विचारला नव्हता. त्याला जे सांगितलं ते, आणि जे सांगताना अडखळलो तेही, इथे लिहून ठेवतो.

आधी एक खुलासा. जळकोट म्हटलं की लोकांना लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट आठवतं. आमचं ते नव्हे. आमचं तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गाहून आठेक किलोमीटरवर, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. हा रस्ताच आमच्या गावाचा इतिहास आहे म्हणा ना.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तो आमचा नव्हे. आम्ही निजामाच्या राज्यात. सोळा जिल्ह्यांचं संस्थान, त्यातले पाच मराठी. नाणं वेगळं, हाली सिक्का. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके. सोलापूरला तिरंगा फडकत होता आणि इकडे तो लावणं हा गुन्हा होता. हैदराबादेत तिरंगा फडकवला म्हणून त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. हे स्वामीजी आमच्याच भागातले म्हणायला हरकत नाही. लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते मुख्याध्यापक होते आणि १९३२ साली संन्यासही त्यांनी तिथेच घेतला. एका खेड्यातल्या शाळामास्तराने निजामाला आव्हान दिलं, याचा मला मास्तर म्हणून फार अभिमान वाटत आला आहे.

स्टेट काँग्रेसचे पुढारी तुरुंगात गेले आणि लढा सरहद्दीपलीकडे सरकला. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती झाली. सोलापूर, बार्शीपासून उमरखेडपर्यंत सरहद्दीला लागून कॅम्प उभे राहिले. कॅम्पातली पोरं रात्री हद्द ओलांडून यायची. करोडगिरीचे नाके जाळायचे, पोलीस ठाण्यांवर हल्ले करायचे, पाटील-कुलकर्ण्यांची सरकारी दप्तरं पेटवायची, शिंदीची झाडं तोडायची. झाडं कशाला, असं नातवाने विचारलं. शिंदीवरचा कर हे निजामाचं मोठं उत्पन्न होतं, म्हणून. ३० जानेवारी १९४८ ला, इकडे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेडकडे उमरीची बँक फोडून लढ्यासाठी लाखो रुपये नेले गेले. आणि थेट राजधानीत, ४ डिसेंबर १९४७ ला, नारायणराव पवार या आर्यसमाजी तरुणाने निजामाच्या मोटारीवर बॉम्ब टाकला. निजाम वाचला. पवारांना फाशीची शिक्षा झाली होती, पण पुढे संस्थानच राहिलं नाही आणि ते सुटले.

समोर निजामाचे पोलीस होतेच, पण खरी दहशत होती रझाकारांची. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात. गावं लुटली, जाळली गेली. लोक बायकापोरं घेऊन सोलापूर-बार्शीकडे निघून गेले. विरोधात बोलणारा मुसलमानही त्यांना चालत नसे. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार मारलं. हे नाव मी वर्गात आवर्जून सांगत असे.

माझे वडील तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे. ते काही बंदूकवाले नव्हते. सोलापूरच्या कॅम्पाला चिठ्ठ्या न्यायच्या, आणायच्या, एवढंच त्यांचं काम. गावातला एक पिंजारी गाद्या-रजया भरायला सोलापूरच्या बाजूला जात असे. पोरं त्याला चाचा म्हणत. वडील त्याच्याबरोबर ओझं उचलायला म्हणून जायचे. चिठ्ठी रजईच्या कापसात. चाचाला ते ठाऊक होतं. एकदा रझाकार झडतीला आले तेव्हा त्याने वडिलांना अंगणातल्या कापसाच्या ढिगाखाली दडवलं आणि स्वतः वर बसून पिंजण चालवत राहिला. "इथं कापसाशिवाय काही नाही," म्हणाला. पोलीस पकडून नेतील तर मारतील एवढीच वडिलांना भीती, पण चाचाला तर त्याच्याच लोकांनी गद्दार म्हणून चिरला असता.

ही गोष्ट वडील दरवर्षी १७ सप्टेंबरला सांगायचे. पुढची गोष्टही सांगायचे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरहून निघाली, बोरी नदीचा पूल शाबूत हाती आला, नळदुर्ग पडलं, आणि सकाळी नऊच्या सुमारास रणगाडे जळकोटात. दुपारी उमरगा. पाचव्या दिवशी, १७ तारखेला, निजाम शरण. इथे वडिलांचा आवाज चढायचा आणि गोष्ट संपायची.

पण तारखा तिथे संपत नाहीत. ते मला १९९८ मध्ये कळलं, वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा. फौज पुढे गेल्यावर आठ-दहा दिवसांनी एका रात्री दारावर थाप पडली. चाचाचा आवाज. "भाऊ, लेकरांना तेवढं आत घ्या." बाहेर, लांब, गलका ऐकू येत होता. वडील उठले. कडीला हात घातला. आजोबा बाजेवर उठून बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. वडिलांचा हात कडीवरच राहिला. थोड्या वेळाने पावलं निघून गेली. सकाळी चाचाच्या घरात कोणी नव्हतं. ते कुठे गेले, जगले की नाही, काही कळलं नाही.

"कापूस अजून नाकात जातो रे," एवढंच वडील म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवसांत काय झालं हे पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवलं होतं. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत, असा त्यांचा अंदाज. बहुतेक मुसलमान, आणि ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असेही पुष्कळ. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. काही ठिकाणी गणवेशातली माणसंही त्यात होती, असंही त्यांनी लिहिलं. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. कित्येक दशकं तो लोकांपुढे आला नाही. २०१३ च्या सुमारास दिल्लीत पाहायला खुला झाला. तेव्हा मी निवृत्त झालो होतो. जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्या अहवालात आहे. ते वाचताना मला आमची कडी आठवली.

फ्रान्समध्येही १९४४ साली जर्मन गेल्यावर हिशेब चुकते झाले. चौकशीशिवाय हजारो माणसं मारली, बायकांची डोकी भादरून धिंड काढली. सिनेमात तो भाग बहुधा नसतो. आमच्या पाठ्यपुस्तकातही नव्हता.

निजामाविरुद्धचा लढा खोटा होता असं मी म्हणत नाही, कधीच म्हणणार नाही. ती पोरं खरी, त्यांचं धाडस खरं, रझाकारांचा जुलूम खरा. पण त्या लढ्यात वडिलांना ज्याने जगवलं त्याच्यासाठी आमचं दार उघडलं नाही, हेही तितकंच खरं. आजोबांना दोष देणं सोपं आहे. घरात पाच लहान पोरं होती. त्या रात्री त्यांच्या जागी मी असतो तर? उत्तर माझ्याकडे नाही.

वर्गात मी रणगाड्यांपर्यंत शिकवलं आणि फळा पुसला. १९९८ नंतरही, माहीत असताना. पोरांना झेपणार नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. नातू चौदा वर्षांचा आहे. सगळं ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, "चाचांचं नाव काय होतं?"

वडिलांनी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

यंदा १७ सप्टेंबरला शाळेने झेंडावंदनाला बोलावलं आहे. दोन शब्द बोला म्हणतात. रणगाड्यांशी थांबायचं नाही, एवढं ठरवलं आहे.