फाशाने मन वळते का? भूमिकाखेळांतील सामाजिक कौशल्ये

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, अर्थात भूमिकाखेळ, हा मेजाभोवती बसून संभाषणातून रंगणारा खेळ आहे. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. उर्वरित जग आणि त्यातील पात्रे सूत्रधार, म्हणजेच गेम मास्टर, सांभाळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रकाशित झाला आणि या प्रकाराचा पाया घातला गेला.

वादाचे मूळ

तलवारीचा वार लागला की नाही, हे फाशाने ठरवण्यास कोणाचीच हरकत नसते. प्रश्न उभा राहतो तो बोलण्याचा. समजा, चोराची भूमिका करणारा खेळाडू ‘मंदिराचा खजिना लुटू’ असे सुचवतो, वीस बाजूंचा फासा टाकतो आणि वीस पडले म्हणून धर्मयोद्ध्याने होकार द्यावा असा आग्रह धरतो. सूत्रधाराच्या हाती अवघे जग असते. खेळाडूच्या हाती मात्र केवळ आपल्या पात्राचे मन असते. तेही दुसऱ्याच्या फाशाने हिरावले, तर खेळात त्याचे उरते काय?

नियमांची उत्तरे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मन वळवणे, धाकदपटशा, फसवणूक आणि सादरीकरण ही चार कौशल्ये ‘करिष्मा’ या गुणाशी जोडलेली आहेत; समोरच्याचा हेतू ओळखण्याचे कौशल्य मात्र शहाणपणाशी. त्यांचा वापर प्रामुख्याने सूत्रधाराच्या पात्रांवर होतो.

ल्यूक क्रेन यांच्या ‘बर्निंग व्हील’मध्ये शाब्दिक द्वंद्वाची स्वतंत्र पद्धत आहे. पणाला काय लागले आहे, हे आधी ठरते; जिंकणाऱ्यालाही बहुधा काही तडजोड मान्य करावी लागते. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने (२०१०) निराळी वाट काढली. तेथे फासा दुसऱ्या खेळाडूच्या पात्राला भाग पाडत नाही. ऐकल्यास अनुभवगुणांचे आमिष आणि नाकारल्यास जोखीम, असा पर्याय पुढे ठेवतो. निर्णय त्या खेळाडूचाच राहतो.

फासा वर्ज्य करावा काय?

तसे केल्यास वाक्पटू खेळाडूचीच सदैव सरशी होईल. परदेशस्थ मराठी माणसाला हे निराळे सांगायला नको. मराठीत हजरजबाबी असलेली व्यक्ती सहकाऱ्यांच्या मेजावर इंग्रजी शब्द जुळवीपर्यंत संभाषण पुढे सरकलेले असते. अशा वेळी तिच्या मुत्सद्दी पात्राचे वक्तृत्व फासाच राखतो. ज्याला कुस्ती येत नाही त्यालाही मल्लाची भूमिका करता येते; मग अबोल माणसाला वक्त्याची का येऊ नये?

व्यवहार्य संकेत

माहिती आणि निर्णय यांत भेद करावा. ‘तो खोटे बोलतो आहे का?’ याचे उत्तर फाशाने द्यावे; ‘मग मी काय करू?’ याचे उत्तर पात्राच्या खेळाडूने. मन वळवण्याचा फासा टाकण्यापूर्वी समोरच्याची संमती घ्यावी. फासा उत्तम पडला, तर ‘तुझे बोलणे प्रभावी ठरले’ एवढे मान्य करून त्याचा परिणाम त्या खेळाडूने स्वतः साकारावा. आणि हा संकेत पहिल्या बैठकीतच, कथा सुरू होण्यापूर्वी, सर्वांनी मिळून ठरवावा. ऐन वादात ठरवलेला नियम कोणा एकाविरुद्धचा निकाल वाटतो.