मशागत आणि राखण : यान शिश्को यांची कहाणी

श्रद्धावंत मनुष्य आणि जाणकार मनुष्य एकाच देहात नांदत असतील, तर त्याच्या हातून चूक होणार नाही, अशी आपली भाबडी समजूत असते. पोलंडचे तीन वेळा पर्यावरणमंत्री झालेले प्राध्यापक यान शिश्को यांचे जीवन ही समजूत तपासून पाहायला लावते. ते निष्ठावान कॅथलिक होते आणि वनविद्येचे पंडित होते. तरीही युरोपातील एका प्राचीन अरण्यात झाडे तोडल्याबद्दल त्यांच्या देशाला न्यायालयासमोर उभे राहावे लागले.

शिश्को यांचा जन्म १९ एप्रिल १९४४ रोजी, महायुद्धाच्या धामधुमीत, वॉर्सानजीकच्या स्तारा मिवोस्ना येथे झाला. त्यांच्या आडनावाशी मिळताजुळता 'शिश्का' हा पोलिश शब्द म्हणजे सूचिपर्णी वृक्षाचे शंकूसारखे फळ. जणू नावातच रान होते. वॉर्सातील कृषी विद्यापीठात त्यांनी वनशास्त्राचा अभ्यास केला व पुढे तेथेच ते प्राध्यापक झाले. जमिनीवर वावरणारे भुंगेरे हा त्यांच्या संशोधनाचा विषय. कोणत्या जातीचे भुंगेरे आढळतात यावरून अरण्याचे वय आणि प्रकृती ओळखता येते. एवढ्याशा जिवाकडून अरण्याची नाडी जाणून घेणारा हा अभ्यासक होता, हे प्रथम ध्यानात ठेवले पाहिजे.

१९९७ मध्ये येझी बुझेक यांच्या मंत्रिमंडळात ते पर्यावरणमंत्री झाले. मंत्रिपद १९९९ मध्ये सुटले. परंतु त्याच वर्षी बॉन येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पाचव्या हवामान परिषदेचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले. अरण्ये हवेतील कर्बवायू शोषून घेतात, म्हणून वनसंवर्धनालाही हवामान-रक्षणाच्या हिशेबात स्थान हवे, हा विचार त्यांनी अखेरपर्यंत आग्रहाने मांडला. त्यात तथ्य होते.

२००५ ते २००७ या दुसऱ्या कारकिर्दीत रोस्पुदा नदीच्या खोऱ्याचा वाद उद्‌भवला. आउगुस्तूव शहरातून अवजड मालमोटारींची अखंड रीघ लागे. अपघातांनी गांजलेल्या नागरिकांना वळणरस्ता हवा होता. नियोजित रस्ता मात्र नदीकाठच्या दुर्मीळ दलदलीवरून जाणार होता. नागरिकांचे दुःख खरे होते, तशीच निसर्गप्रेमींची चिंताही खरी होती. युरोपीय आयोगाने प्रकरण न्यायालयात नेले. अखेर मार्ग बदलला आणि २०१४ मध्ये दलदलीला वळसा घालून रस्ता खुला झाला. दोन्ही गोष्टी साधणारी वाट होती; ती शोधण्याची तयारी तेवढी हवी होती.

तिसरी कारकीर्द २०१५ च्या अखेरीस सुरू झाली व तीच त्यांची कसोटी ठरली. पोलंड आणि बेलारूस यांच्या सीमेवर ब्यावोव्येझाचे अरण्य पसरलेले आहे. युरोपच्या सखल प्रदेशातील मूळ अरण्याचा हा अखेरचा मोठा अवशेष. १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश आहे. पहिल्या महायुद्धानंतर येथील शेवटचा रानटी बायसन मारला गेला. पुढे प्राणिसंग्रहालयांतून जगलेल्या मोजक्या जनावरांपासून वंश वाढवून १९५२ पासून बायसन पुन्हा येथे मोकळे सोडण्यात आले. माणसाने पाप केले आणि माणसानेच त्याचे परिमार्जन केले, अशी ही भूमी.

या अरण्यातील स्प्रूस वृक्षांना सालीखाली अंडी घालणाऱ्या भुंगेऱ्याची लागण झाली. शिश्को यांचे म्हणणे असे, की हे रान पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातांनी घडले आहे. रोगट झाडे न काढल्यास ते नष्ट होईल. मार्च २०१६ मध्ये त्यांनी ब्यावोव्येझा वनविभागात दहा वर्षांसाठी ठरलेली ६३,४७१ घनमीटर तोडीची मर्यादा वाढवून १,८८,००० घनमीटरवर नेली. अनेक जीवशास्त्रज्ञांनी विरोध केला. त्यांच्या मते अशी साथ हा अरण्याच्या जीवनक्रमाचाच भाग असून मेलेल्या खोडांवर बुरशी, सुतारपक्षी आणि असंख्य कीटक जगतात.

२७ जुलै २०१७ रोजी युरोपीय न्यायालयाने तोड थांबविण्याचा अंतरिम आदेश दिला. सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण सांगून सरकारने काम चालूच ठेवले. तेव्हा नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने दररोज किमान एक लाख युरो दंडाची ताकीद दिली. ९ जानेवारी २०१८ रोजी शिश्को यांचे मंत्रिपद गेले आणि १७ एप्रिलला पोलंडने कायदा मोडल्याचा निर्णय आला. मृत लाकडात राहणाऱ्या संरक्षित भुंगेऱ्यांनाही या तोडीने धोका पोहोचतो, हे त्या खटल्यातील एक कारण होते. भुंगेऱ्यांच्या अभ्यासकाला हे ऐकावे लागले! ९ ऑक्टोबर २०१९ रोजी, संसदेच्या निवडणुकीला चार दिवस उरले असताना, उमेदवार असलेले शिश्को निवर्तले.

त्यांना लबाड ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. पृथ्वी वश करण्याची उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील आज्ञा ते मनापासून मानीत व उघडपणे तिचा आधार घेत. माझ्या सेमिनरीच्या दिवसांत आम्हीही त्या शब्दावर फारसे थांबलो नव्हतो. त्याच ग्रंथाचा दुसरा अध्याय मात्र मानवाला बागेत ठेवतो तो मशागतीसाठी आणि राखणीसाठी. शिश्को यांच्याच मायभूमीतील पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते घोषित केले आणि १९९० च्या शांतिदिन-संदेशात सृष्टीशी सलोखा हा ख्रिस्ती कर्तव्याचा भाग असल्याचे सांगितले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात, सृष्टीवरील अनिर्बंध सत्तेला पवित्र शास्त्राचा आधार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी शिश्को तिसऱ्यांदा मंत्री झाले होते.

मशागत त्यांना उत्तम कळत होती. राखणीत काही वेळा हात आवरून स्वस्थ राहावे लागते, हे त्यांना मान्य झाले नाही. ज्ञान आणि श्रद्धा या दोहोंना नम्रतेची जोड हवी. वेदीवरून बोलणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनी हा धडा आधी स्वतःसाठी घ्यावा. कारण वचनाचा अर्धाच भाग वाचून दाखविणारा उपदेशक श्रोत्यांच्या हाती कुऱ्हाडच देत असतो.