सात दिवस, सात रात्री

गेल्या पावसाळ्यात माझे एक सहकारी शिक्षक अंथरुणाला खिळले. घर दोन गल्ल्या पलीकडे. पण तीन महिने मी तिकडे फिरकलो नाही. जाऊन बोलायचे काय, हा मला प्रश्न पडे, आणि त्या प्रश्नाच्या आड मी लपून राही. त्याच दिवसांत जुन्या करारातले ईयोबाचे पुस्तक हाती आले.

ईयोबाची गुरेढोरे गेली, दहा मुले एका दिवसात गेली, अंगभर फोड उठले. भाऊ दुरावले, आप्त विसरले, चाकर हाकेला ओ देईनात. ही तक्रार तो स्वतःच करतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र मात्र आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्यापाशी जमिनीवर मुकाट्याने बसले. तेथवर त्यांचे वागणे निर्दोष होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्याच हातून पाप घडले असले पाहिजे, असे ते सिद्ध करू लागले. न आलेल्या आप्तांइतकेच त्यांनीही त्याला एकटे पाडले.

हे पुस्तक मूळ हिब्रूवरून मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. आईवडील दुष्काळात गेले, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात असा बोभाटा झाला, 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, आणि १८९३ च्या ऑगस्टात सल्लागारांनी अंग काढून घेतले. पालकांनी मुली नेल्या. सल्लागारांना दोष देणे सोपे आहे. परंतु मुलींच्या धर्माला धक्का लागणार नाही या भरवशावर त्यांनी आपले नाव दिले होते. सोडून जाणारा दुष्टच असतो असे नाही. मागे राहणाऱ्याचे एकटेपण मात्र त्यामुळे कमी होत नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि वाऱ्यावर पडलेल्या शेकडो बायामुली घेऊन आल्या. पुढे केडगावच्या 'मुक्ती'त बायकांनीच बायबलचे खिळे जुळविले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हिब्रूतले मला ओ की ठो कळत नाही. पण ईयोबाच्या तक्रारीला मराठी शब्द शोधताना बाईंना कोश फार उघडावा लागला नसेल, असे वाटते.

शेवटी ईयोब त्या मित्रांसाठीच प्रार्थना करतो, आणि त्याचे दिवस पालटतात. मग सगळे भाऊबहीण येतात, त्याच्या घरी जेवतात, त्याचे सांत्वन करतात, प्रत्येक जण सोन्याचे एकेक वळे देतो. दिवस पालटल्यावर! तरी ग्रंथकार त्यावर एक शब्दही बोलत नाही, आणि ईयोब त्यांना दारातून परत पाठवीत नाही.

ते वाचून मी उठलो आणि त्या दोन गल्ल्या ओलांडल्या. अर्धा तास खाटेजवळ बसलो. बोलणे असे काही झालेच नाही. निघताना त्यांनी एवढेच विचारले, "उद्या येणार ना, मास्तर?"