पिस्तुलातील कमान

आमच्या बदलापूर गावाच्या नावाविषयी अशी आख्यायिका सांगतात, की सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांचे स्वार येथे घोडे बदलीत असत. बदली घोडा नुसता दांडगा असून भागत नाही. तो स्वाराला व वाटेला साजेसा लागतो. पिस्तुलाच्या बदली कमानीलाही हाच न्याय लागू आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात अशा कमानीच्या पिस्तुलाचे नाव नाशिकशी जोडलेले आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी तेथे कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडले. सावरकरांनी लंडनहून अशी वीस पिस्तुले धाडली होती. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर. त्याचे १९०० सालचे पिस्तूल बेल्जममध्ये तयार होई.

बार उडताच धक्क्याने स्लाईड मागे जाते व रिकामी पुंगळी बाहेर पडते. मग दबलेली कमान स्लाईडला पुढे लोटते आणि नवे काडतूस नळीत बसते. हजारो बारांनंतर ही कमान शिणते. नवीशेजारी ठेविली असता तिची लांबी बरीच घटलेली दिसते. अशा वेळी अधिक ताठ कमान घालण्याचा मोह होतो. परंतु फार ताठ कमानीने स्लाईड पुरती मागे जात नाही व पुंगळी अडकते. फार मऊ कमानीने स्लाईड सांगाड्यावर आदळून पोलादास तडा जाण्याचे भय असते.

म्हणून कारखान्याने त्या पिस्तुलास व त्या काडतुसास ठरवून दिलेल्या ताणाचीच कमान निवडावी, आणि ती परवानाधारक कारागिराकडूनच बसवून घ्यावी.