बॅटरी-प्रतिबाधा मापन : मांडणीची निवड

बॅटरीतून लहानसा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला असता तिच्या टोकांवरील विद्युतदाब किती आणि प्रवाहाच्या किती मागेपुढे हलतो, यावरून तिची अंतर्गत प्रतिबाधा काढतात. बॅटरी म्हातारी होत चालली की बहुधा प्रतिबाधा वाढते. मात्र कोणत्या वारंवारतेला, किती प्रवाहाने, किती तापमानाला मोजले हे सोबत नसेल, तर नुसत्या आकड्याला अर्थ नसतो.

नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील विखुरलेल्या पाड्यांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सौरदिव्याला किंवा इन्व्हर्टरला जोडलेली 150 अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी आम्लासह 50 किलोहून जड असते. चांगली बॅटरी खराब समजून डोंगर उतरवणे किंवा खराब बॅटरी तशीच ठेवणे, दोन्ही महागात पडते.

वारंवारतेची निवड आधी करावी लागते. लिथियम घटांसाठी 1 किलोहर्ट्झ ही रूढ वारंवारता आहे आणि बरेचसे हातातले मीटर तीच वापरतात. शिसे-आम्ल बॅटरीत मात्र या वारंवारतेला मुख्यतः आम्ल, पट्ट्या आणि जोडण्यांचा रोध दिसतो. पट्ट्यांवरील रासायनिक क्रियेचा मंदावलेला वेग त्याहून खालच्या वारंवारतेला, काही दहा हर्ट्झच्या आसपास व त्याखाली अधिक स्पष्ट होतो. म्हणून शिसे-आम्ल बॅटरीसाठी एकट्या 1 किलोहर्ट्झवर विसंबणे योग्य नाही. विसरणाचा भाग पाहायचा तर 0.01 हर्ट्झपर्यंत उतरावे लागते, आणि तिथे एका आवर्तनालाच 100 सेकंद लागतात. तेवढ्यात पॅनेलवर ढग आला तरी मापन बिघडते. पॅनेल, चार्जर आणि भार तिन्ही सोडवून ठेवावेत. वीजपुरवठ्याचा गोंगाट टाळण्यासाठी 50 आणि 100 हर्ट्झही वगळावेत.

प्रवाहाचा आयाम ठरवताना दोन्ही बाजूंनी ओढाताण असते. तो फार कमी असला तर उत्तर गोंगाटात हरवते. फार जास्त असला तर बॅटरीचे वर्तन रेषीय राहत नाही. दर घटामागे विद्युतदाबाची हालचाल 10 मिलिव्होल्टच्या आत ठेवणे हा सुरक्षित नियम आहे. मोठ्या घटांत विद्युतदाबाऐवजी प्रवाह नियंत्रित करणे चांगले, कारण 1 मिलिओहमच्या घटावर विद्युतदाब लावताना 1 मिलिव्होल्टची चूक झाली तरी 1 अँपिअर प्रवाह वाहतो.

जोडणी चार तारांची हवी. प्रवाहाच्या दोन तारा आणि विद्युतदाब मोजणाऱ्या दोन तारा वेगळ्या ठेवून मोजणाऱ्या तारांची टोके थेट टर्मिनलच्या शिशावर टेकवतात. गंजलेल्या नटावर किंवा पट्टीवर टेकवली तर गंजाचाच रोध मोजला जातो. दोन्ही जोड्यांना स्वतंत्र पीळ द्यावा. मोकळ्या पसरलेल्या तारांमुळे 1 मायक्रोहेन्री प्रवर्तकत्व आले, तर 1 किलोहर्ट्झला त्याची प्रतिबाधा 6 मिलिओहमहून थोडी जास्त भरते. मोठ्या बॅटरीची स्वतःची प्रतिबाधा अनेकदा याहून कमी असते.

तापमान या जिल्ह्यात विशेष त्रास देते. मे महिन्यात तापीकाठच्या सपाटीवर पारा 40 अंशांपलीकडे जातो, तर तोरणमाळला जानेवारीत कडाक्याची थंडी असते. उष्णतेने प्रतिबाधा उतरते, त्यामुळे थकलेली बॅटरीही उन्हाळ्यात बरी भासते. हवेचे नव्हे, बॅटरीच्या टर्मिनलचे तापमान नोंदवावे आणि शक्य तितके सारख्या तापमानाचेच आकडे ताडून पाहावेत. प्रभाराचेही तसेच. प्रभार उतरल्यावर आम्ल पातळ होते आणि रोध वाढतो. म्हणून पूर्ण प्रभारानंतर काही तास विसावा देऊन मोजावे. उघड्या ट्युब्युलर बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्याचे आम्ल तपासावे. पूर्ण प्रभाराला सापेक्ष घनता साधारण 1.24 येते.

निवडलेली मांडणी बरोबर आहे का, हे तिथल्या तिथे तपासता येते. प्रवाह अर्धा करून पुन्हा मोजल्यास प्रतिबाधा तीच यायला हवी. फरक पडला तर आयाम जास्त आहे किंवा गोंगाट जास्त आहे. खालच्या वारंवारतेपर्यंत जाऊन आल्यावर सुरुवातीची वारंवारता पुन्हा मोजावी. आकडा बदलला असेल तर मापन चालू असतानाच बॅटरीची स्थिती सरकली, असे समजून सारी मालिका बाद करावी.

नवी बॅटरी बसवतानाच पहिला आकडा आणि त्याची मांडणी वहीत लिहून ठेवावी. त्याच मांडणीत पुढे 30 टक्क्यांहून अधिक वाढ दिसली तर क्षमता-चाचणी घ्यावी : 20 तासांच्या दराने धारिता ठरलेली 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी 7.5 अँपिअरने 10.5 व्होल्टपर्यंत उतरवून ती किती तास टिकते ते पाहावे.