पिस्टनच्या रिंगेची गोष्ट

मोटारसायकलचे इंजिन उघडलेले आपण कधी ना कधी पाहिले असेल. चांगला मिस्त्री पिस्टनवर रिंगा चढवण्याआधी प्रत्येक रिंग नुसतीच सिलिंडरमध्ये सरकवतो आणि तिच्या दोन टोकांमधली फट पोलादी पत्तीने मोजतो. ही तुटकी कडी घडायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

शिमग्यातली बांबूची पिचकारी आठवा. दट्ट्याला चिंधी कमी गुंडाळली तर पाणी मागे येते. जास्त गुंडाळली तर दट्टा हलत नाही. इंजिनाचे दुखणेही हेच. 1712 साली इंग्लंडात थॉमस न्यूकमेनने खाणीतले पाणी उपसणारे वाफेचे इंजिन उभारले. त्याने पिस्टनला चामडे लावले आणि वर पाण्याचा थर ठेवला. तेवढ्यावर काम भागले. पण जेम्स वॉटने 1769 मध्ये पेटंट घेतले, त्या इंजिनात सिलिंडर सतत गरम ठेवायचा होता. तिथे वर गार पाणी कसे चालणार? त्याने बूच, तेलकट चिंध्या, कागद, जुन्या हॅटी, अगदी घोड्याची लीदसुद्धा वापरून पाहिली. वाफ निसटतच राहिली, कारण मुळात सिलिंडरच नीट गोल नव्हता. 1775 च्या सुमारास जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने तो अचूक कोरून दिला. मग चरबीत भिजवलेल्या वाखाने निभावले.

पुढे आगगाडी आली. वेग वाढला, उष्णता वाढली; वाख टिकेना. धातूचे तुकडे आणि स्प्रिंगा बसवलेले पिस्टनही निघाले, पण ते जड आणि गुंतागुंतीचे. अखेर 1852 साली मँचेस्टर येथील रेल्वे इंजिनिअर जॉन रॅम्सबॉटम याने सोपा तोड काढला. सिलिंडरहून सुमारे दहावा हिस्सा मोठी धातूची कडी घ्यायची, ती एके ठिकाणी तोडायची आणि दाबून पिस्टनच्या खाचेत बसवायची. आपल्याच लवचिकपणाने ती पसरते आणि भिंतीला टेकून राहते. झिजली तरी आणखी पसरून झीज भरून काढते. अखंड कडीला हे कधीच जमले नसते.

मोटारसायकलमध्ये तत्त्व तेच आहे. शिवाय पेटलेल्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर अधिकच दाबतो. तापल्यावर रिंग वाढते. फट फार कमी असेल तर टोके एकमेकांना भिडतात, रिंग मोडते किंवा सिलिंडरवर ओरखडे काढते. फट फार मोठी असेल तर दाब गळतो आणि गाडीची ओढ कमी होते. ढोबळ हिशेब असा, की व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंचाच्या चौपट फट हवी. जुन्या 350 सीसी बुलेटचा सिलिंडर 70 मिलिमीटरचा. म्हणजे फट साधारण 0.28 मिलिमीटर. नेमका आकडा मात्र त्या गाडीच्या पुस्तकातलाच धरावा. रिंगा चढवताना सगळ्या फटी एका रेषेत येऊ देऊ नयेत, नाहीतर गळतीला सरळ वाट मिळते.

शिक्षकांनी गॅरेजमधून एखादी टाकून दिलेली रिंग वर्गात आणावी. मुलांनी ती हलकेच दाबावी, सोडावी. वॉटला जे सापडले नाही, ते त्यांच्या बोटांना आपोआप कळेल.